दोनशे बारा शाली

दोनशे बारावी शाल अंगावर पडली आणि सावळेराम गांगुर्डेचा उजवा हात आत गेला. डावा त्याआधीच, एकशे नव्वदच्या सुमारास गेला होता. ते त्याने फारसं मनावर घेतलं नव्हतं. एक हात बाहेर असला की माणसाचं जेवण होतं, तंबाखू होते आणि नमस्कारही अर्धामुर्धा होतो. दुसरा गेला तेव्हा तो व्यासपीठावर उभा होता आणि पाहुणे नारळ पुढे करत होते. नारळ घ्यायला काहीच बाहेर आलं नाही. पाहुण्यांनी क्षणभर वाट पाहिली, नारळ शालींच्या घडीत खोचला, टाळ्या झाल्या आणि सूत्रसंचालकाने पुढचं नाव पुकारलं.

शाली निघत नव्हत्या. पहिल्या दहा-बारा निघायच्या, घडी होऊन पेटीत जायच्या. पुढे त्या अंगाला बिलगायला लागल्या आणि पेटीतल्याही रात्रीतून परत येऊन सगळ्यांच्या आत बसल्या. हौसाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, ओढून पाहिलं, भिजवून पाहिलं, एकदा उन्हात बसवून पाहिलं.

"अहो, तुम्ही आता माणूस कमी आणि कापडाचं दुकान जास्त दिसता," ती म्हणाली.

"दुकानात निदान विक्री होते," सावळेराम म्हणाला.

सावळेराम तीस वर्षं डाव्या कालव्यावर पाटकरी होता. कोणाच्या शेतात पाणी कधी सोडायचं आणि कधी तोडायचं, हे पाटकऱ्याने बघायचं असतं. तीस वर्षांत त्याने इतकी भांडणं पाहिली, इतकी डोकी फुटलेली पाहिली, की निवृत्त झाल्यावर ग्रामपंचायतीतल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर तो चार वर्षं बसला आणि एक प्रोग्राम लिहून काढला. त्याचं नाव 'पाळी'. गावाचं क्षेत्र सांगा, शेतांकडे जाणाऱ्या चारीची रुंदी सांगा, शेतकऱ्यांची नावं सांगा, की पाळी सांगते कोणाला कुठल्या वारी किती वाजता पाणी. पुढे कालव्याचे दरवाजे विजेवर आले, तेव्हा पाळीच त्यांना उघड-मीट सांगायला लागली. भांडणं थांबली. सावळेरामने प्रोग्राम उघडा ठेवला, ज्याला पाहिजे त्याने न्यावा, आत काय आहे ते वाचावं, बदलावं. दोनशे बारा गावांच्या पाणीवापर संस्थांनी तो नेला. वाचला कोणी नाही.

पण उपकार विसरणाऱ्यांतली माणसं ती नव्हेत. प्रत्येक गावाने प्रोग्राम नेला आणि प्रत्येक गावाने सावळेरामचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा, दोन शब्द. फेटे तेवढे निघत होते.

आता घोटाळा असा होता. बारा वर्षांपूर्वी प्रत्येक पाण्याच्या पाळीचा क्रमांक लिहायला सावळेरामने आकड्यांची तीनच घरं ठेवली होती. हजार पाळ्या कोण बघायला जातंय, असं तेव्हा त्याला वाटलं. येत्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता हजारावी पाळी होती. त्या वेळी तिन्ही घरांत शून्य येणार, शून्याच्या पुढे कोणाचंच नाव नाही, आणि दोनशे बारा गावांचे दरवाजे उघडून तसेच राहणार. पाणी निघणार आणि त्याला कुठे जायचं ते कोणी सांगणार नाही. रब्बीचं पहिलं आवर्तन होतं, कालव्याला नुकतंच पाणी सुटलं होतं. गहू वीतभर होता, हरभरा त्याहून लहान.

दुरुस्ती तासाभराची होती. फक्त तिला हात लागत होते.

गुरुवारी सकाळी सावळेराम पाटबंधारे उपविभागात गेला. तिथले उपअभियंता काळोखे साहेब भले गृहस्थ होते. स्वतः सतरा सत्कारांना हजर राहिलेले. सावळेराम त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "साहेब, शुक्रवारी अकराला पाळी बंद पडणार. मला दोन माणसं द्या, पगारावर. मी तोंडाने सांगतो, ती करतील. पुढेही तीच सांभाळतील."

काळोखे साहेबांनी शिपायाला हाक मारली. "या खुर्चीत शाली कोणी ठेवल्या?"

"ठेवल्या नाहीत साहेब, आल्यात. गांगुर्डेबाबा आहेत आत."

साहेबांनी पुरवठादारांचं रजिस्टर काढलं, ग वर बोट फिरवलं. "गांगुर्डे नावाचा पुरवठादार नाही. आवाज येतोय, पण आवाज नोंदीवर घेता येत नाही. काय म्हणतोय तो?"

"दोन माणसं पगारावर द्या म्हणतायत. पाळीसाठी."

"पाळी तर फुकट आहे!" साहेब खरंच चकित झाले. "फुकट वस्तूवर खर्च दाखवला तर ऑडिटवाले पहिलं विचारतील, की फुकट होती तर खर्च कशाचा? पन्नास लाखांचा प्रोग्राम विकत घेतला असता तर दरवर्षी पाच लाख देखभालीला सुखाने टाकले असते. त्याला खर्चाचं हेड आहे. शून्याच्या देखभालीला हेड नाही."

"मग विकत घ्या," सावळेराम म्हणाला.

"काय म्हणतोय?"

"विकत घ्या म्हणतायत."

"आहे ना आपल्याकडे. पुन्हा कशाला घ्यायचा?" साहेब म्हणाले, उठून खुर्चीपाशी आले, वरच्या शालीची एक घडी नीट केली आणि जेवायला गेले.

सावळेरामला राग आला नाही. आयुष्यभर पाणी वाटलेल्या माणसाला माहीत असतं, की पाणी चढावर जात नाही ते पाण्याचा स्वभाव वाईट म्हणून नव्हे. तो घरी आला.

घरी ओट्यावर पँट-शर्टातला एक जण बसला होता. शहरातल्या एका कंपनीचा मिहीर टिपणीस. मांडीवर निळा डबा. सावळेराम त्याला व्यवस्थित दिसत होता. धंद्यातल्या माणसाची नजर वेगळी असते.

"काका, नमस्कार. पलीकडच्या जिल्ह्यात आम्ही हा डबा विकतो. पाणीवाटपाचा. एकशे चाळीस गावांनी घेतलाय. शुक्रवारी काहीतरी बिघडणार आहे म्हणे. आमच्याकडे तक्रार आली, म्हणून आम्ही तुमच्याकडे आलो."

"डब्यात काय आहे?"

टिपणीसने झाकण उघडलं. सावळेरामने वाकून पाहिलं. आत त्याच्याच घराची पुढची खोली होती, तळहाताएवढी. कॉम्प्युटर होता, खुंटीवर पिशवी होती, आणि हौसाबाई कपात चहा ओतत होती. सावळेरामने मागे वळून पाहिलं. हौसाबाई कपात चहा ओतत होती.

"ही तर पाळी," तो म्हणाला. "पैसे कशाचे घेता?"

"झाकणाचे. झाकण आमचं आहे. निळ्या रंगाचं पेटंट आहे."

"आणि आतलं बिघडलं तर?"

"बारा तासांत दुरुस्ती. करारात लिहून देतो आम्ही."

"माझ्याशी कुठे करार आहे तुमचा?"

"तुमच्याशी नाही, म्हणून तर परवडतं काका," टिपणीस मोकळेपणाने म्हणाला. माणूस खोटं बोलणारा नव्हता. त्याने पिशवीतून एक शाल काढली. मरून रंगाची, उंची होती.

"ठेव ती आत," हौसाबाई म्हणाली. "चहा घे आणि गप बस."

टिपणीसने शाल पिशवीत ठेवली आणि चहा घेतला. डब्यातही कोणीतरी चहा घेतल्याचा बारीक आवाज आला.

हौसाबाई गावातल्या बायकांची पोलकी शिवायची. तिने मोठी कात्री आणली. सावळेराम म्हणाला, "आधी गोंडा काप. सबंध शालीला हात लावू नको." तिने बाहेरच्या एका हिरव्या शालीचा एक गोंडा कापला. ती निमवाडीची शाल होती. गोंडा जमिनीवर पडायच्या आत फोन वाजला. निमवाडीचा माणूस होता. कांद्याच्या वाफ्यात शिरलेलं पाणी उलटं फिरून चारीत परत गेलंय, तुम्ही काही केलंत का म्हणून विचारत होता. हौसाबाईने गोंडा उचलला, सुईदोऱ्याने परत लावला. निमवाडीचा माणूस म्हणाला, "आलं, आलं. ठेवतो."

म्हणजे शाल कापली की गावाचं पाणी तुटत होतं.

हौसाबाईने डोळे मिटून हाताने चाचपून पाहिलं. शिंपिणीची बोटं ती. थोड्या वेळाने म्हणाली, "डावा हात दोनशे शालींच्या खाली आहे, त्याचं नाव काढू नका. उजवा एकाच शालीने धरलाय. सगळ्यात आतली. कोपराला आवळून बसली आहे, बाकीच्या नुसत्या वर पडल्यात. ती कापली तर हात खालून सुटेल."

"आतली कोणाची?"

"आपल्याच गावाची. पहिला सत्कार आपल्या गावाने केला नव्हता का."

सावळेरामने दौलतआप्पाला बोलावणं पाठवलं. दौलतआप्पा गावच्या संस्थेचा अध्यक्ष, सावळेरामच्या वर्गातला, दोघेही चौथीला एकदमच नापास झालेले. तो आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कात्रीकडे बघत म्हणाला, "दोनशे बारा गावं आहेत. तुला आपलंच सापडलं?"

"हात आपल्याच शालीत आहे."

"नवलच आहे. परक्यांना पाणी आणि घरच्यांना कोरड. माझा साडेतीन एकर गहू आहे, सावळ्या."

"पुढे डाव्या हातासाठी बाकीच्यांच्या दारात जाऊन त्यांचं पाणी तोडायची वेळ आली, तर आधी आपलं तोडलेलं दाखवायला पाहिजे. आणि शाल नाही कापली, तर उद्या अकराला तुझ्या गव्हात पाणी येणार आहेच. तुझ्या, माझ्या, सगळ्यांच्या. गुडघाभर. कोणी बंद करणार नाही."

दौलतआप्पा तंबाखू मळायला लागला. "तुला बारा वर्षं सांगतोय, काहीतरी घेत जा. वर्षाला एक पोतं तरी घे गावागणिक. आपण काय म्हणालात? पाणी देवाचं."

"पाणी देवाचंच आहे. पाटकऱ्याला सरकार पगार देत होतं."

"मग मागितला का नाहीस?"

"सत्कारात मागता येत नाही आप्पा. हार घातलेल्या माणसाने पगार मागितला की लोकांना हाराचा अपमान वाटतो."

दौलतआप्पा हसला. मग त्याने स्वतःच शालीचं टोक आतून ओढून धरलं आणि मान दुसरीकडे वळवली. हौसाबाईने कात्री चालवली. बाहेर, गावाच्या शिवारात, पाणी एकदम गप्प झालं. ते ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू आलं.

उजवा हात कोपरापासून बाहेर आला. पांढरा पडला होता, पण बोटं हलत होती.

सावळेराम लगेच कॉम्प्युटरसमोर बसला. त्याने दुरुस्तीची पहिली ओळ लिहिली. ओळ पडद्यावरून घसरली आणि टेबलावरून खाली जमिनीवर पडली. त्याने पुन्हा लिहिली, पुन्हा पडली. एक हात लिहायला आणि एक हात धरायला, असे दोन लागत होते. हौसाबाईने आपला हात लावून पाहिला. ओळ तिच्या तळव्याला कणकेसारखी चिकटली, पडद्यावर काही राहिली नाही. आत काय लिहिलंय ते माहीत असणाऱ्याचाच हात लागत होता, आणि तसा दुसरा माणूस गावात उरला नव्हता. पूर्वी तीन-चार जण शिकायला आले होते. चांगले शिकले, आणि शिकलेल्याला जिथे पगार मिळतो तिथे गेले. सावळेरामने त्यांना आनंदाने निरोप दिला होता.

खाली पडलेल्या ओळी हौसाबाईने सुपात गोळा केल्या.

"आता?" ती म्हणाली.

"एका हाताने एक गोष्ट होते," सावळेराम म्हणाला. "बिल लिहिता येतं. पगार ठरला तर शिकून गेलेले परत येतील."

बारा वर्षांत त्याने बिल लिहिलं नव्हतं, तरी अक्षर सरळ आलं. पाळी या प्रोग्रामच्या देखभालीसाठी दोन माणसांचा वर्षाचा पगार. तिसरं नाव, म्हणजे स्वतःचं, त्याने लिहायला घेतलं, थांबला, आणि तेही लिहिलं. खाली सही केली. सही करताना त्याच्या छातीत असं काही भरून आलं, जे एकाही सत्कारात आलं नव्हतं. दरवाजाची कळ बरोबर बसल्यावर हाताला कळतं, तसं त्याला कळलं, की हे आपण योग्य केलं.

"दिसताय आता माणसासारखे," हौसाबाई म्हणाली.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला ते उपविभागात पोचले. टिपणीसही डबा घेऊन आला होता. कचेरी कालव्याच्या मुखाशीच आहे, खिडकीतून मोठा दरवाजा दिसतो. सावळेरामने बिल टेबलावर ठेवलं.

काळोखे साहेबांनी बिल पाहिलं, मग वर पाहिलं आणि ताडकन उठून उभे राहिले. "अरे! गांगुर्डे! तुम्ही होय! बसा, बसा. किती वर्षांनी." त्यांनी सावळेरामचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. हौसाबाईसाठी खुर्ची मागवली. "पाळीची देखभाल, वा. हेड उघडता येईल. आता दर आहे ना, दर असला की मार्ग निघतो. फक्त एक आहे. नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं लागतात."

"पाळी मला एकट्यालाच येते साहेब."

"ते खरंच. पण तीन लागतात. त्यातला सर्वात कमी दर आपण मंजूर करतो."

टिपणीसने खिशातून पेन काढून जागीच दरपत्रक लिहिलं. आकडा सावळेरामच्या अकरा पट होता. "तुमच्यासाठीच जास्त लिहिला काका," तो कानाशी म्हणाला. "तुमचा पास होऊ दे. दुरुस्ती झाली की आमचंही काम झालं." आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

"हे झाले दोन," साहेब म्हणाले. "तिसरं?"

घड्याळात साडेदहा झाले होते. शिपाई जुन्या फायलींच्या खोलीत गेला. खोली लांबत होती, त्याच्या चपलांचा आवाज बराच वेळ लांब लांब जात राहिला आणि मग तितकाच वेळ जवळ येत राहिला. परत आला तेव्हा त्याच्या हातात पिवळा पडलेला एक कागद होता.

"मिळालं साहेब. बारा वर्षांपूर्वीचं आहे, पण रद्द केलेलं नाही. म्हणजे चालू धरायचं."

साहेबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "पाळी हा प्रोग्राम सर्व गावांस कायमस्वरूपी विनामूल्य देत आहे. देखभाल मी करीन. सही, सावळेराम गांगुर्डे."

हौसाबाईने कपाळाला हात लावला. "कायमस्वरूपी लिहिलं होतंत?"

"तेव्हा दोनच गावं होती," सावळेराम म्हणाला.

साहेबांनी तुलनात्मक तक्ता मांडला. तीन रकाने आखले, तीन आकडे भरले. तिसऱ्या रकान्यात शून्य. ते त्यांनी लाल पेनाने गोल केलं. मग कार्यारंभ आदेश टाइप करायला सांगितला, आणि तो पाच मिनिटांत आला, कारण मंजुरीला कोणतीच अडचण नव्हती. "अभिनंदन गांगुर्डे. काम तुम्हालाच मिळालं. सर्वात कमी दर तुमचाच निघाला. इथे सही करा आणि लगेच सुरू करा, अकरा वाजत आलेत."

"साहेब, या दरात दोन माणसं येणार नाहीत."

"दर तुमचा आहे. आम्ही कोण कमी-जास्त करणार?"

सावळेरामने पेन उचललं. त्याला सही करायची नव्हती. आदेशावर आडवी रेघ मारून खाली "अमान्य" लिहायचं होतं. पेन कागदाला टेकणार, इतक्यात अकराचे ठोके पडले.

खिडकीबाहेर मोठा दरवाजा वर गेला. त्याच्यामागे दूरवर एकेक करत दोनशे अकरा दरवाजे वर गेल्याचा आवाज आला. पाणी निघालं, दहा पावलं पुढे गेलं आणि थांबून इकडेतिकडे पाहायला लागलं. मग ते वळलं. कचेरीच्या पायऱ्या चढलं, व्हरांड्यातून आलं आणि साहेबांच्या दारात येऊन उभं राहिलं, दाराइतकं उंच, दाराइतकं रुंद. पायपुसणं त्याने भिजवलं नाही. त्याच्या मागे आणखी पाणी होतं आणि ते मागून रेटत होतं.

"याला आत कोणी सोडलं?" साहेब म्हणाले.

पाणी इंचभर पुढे आलं.

सावळेरामने उजवा हात वर केला, पंजा पसरून, पेन बोटांत तसंच. पाणी थांबलं. मागचं रेटणंही थांबलं. त्याने हात जरासा खाली आणून पाहिला, तर पाणी तेवढंच पुढे आलं. त्याने हात पुन्हा वर नेला.

"हात भरून येईल हो," हौसाबाई म्हणाली. ती खुर्चीवरून उठून त्याच्या काखेखाली आपला खांदा देऊन उभी राहिली.

"येऊ दे. तो कागद बघ, वाऱ्याने उडेल. अजून रेघ मारायची आहे."

"सही राहू द्या सध्या," काळोखे साहेब भारावून म्हणाले. "हात असाच वर राहू द्या. फार छान दिसतंय." टिपणीसने डबा खाली ठेवला आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. डब्यातूनही बारीक टाळ्या आल्या. शिपाई वाजवायला लागला, मग व्हरांड्यापलीकडून, पाण्याच्या मागून, खूप लोकांनी वाजवल्यासारख्या आल्या.

सावळेराम पाण्याकडे बघत होता, त्याला मान वळवता येत नव्हती. त्याच्या पाठीमागे कपाटाचं दार उघडलं, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून काहीतरी काढून, झटकून, उलगडल्याचा आवाज आला.